साडूची आमची

समोरच्याकडून हवी ती वस्तू मागून घ्यायची आणि वर देणाऱ्यालाच धन्य झाल्यासारखं वाटायला लावायचं, ही विद्या माझ्या साडूइतकी साधलेला माणूस अख्ख्या मिनेसोटात नाही. संकोच त्याच्याकडे औषधालाही नाही. शेजाऱ्याची शिडी, दातांच्या डॉक्टरची जुनी खुर्ची, ऑफिसातले मोडीत निघालेले लॅपटॉप, भिशीतल्या बायकांनी विणलेले लोकरी मोजे, एकदा तर एका चर्चच्या तळघरातली भली थोरली लोखंडी शेगडी, वाटेल ते त्यानं मागितलेलं आहे आणि लोकांनी ते हसत हसत त्याच्या गॅरेजपर्यंत पोचवलेलं आहे. मी गेली वीस वर्षं ईडन प्रेरीत राहतो, टॅक्स वेळेवर भरतो, बर्फ पडला की शेजारच्या म्हाताऱ्याचाही ड्राइव्हवे साफ करून देतो. पण गेल्या हिवाळ्यात त्याच म्हाताऱ्याकडे मी बॅटरीची केबल मागितली, तेव्हा त्यानं आधी 'परत कधी देणार' ते विचारून घेतलं. त्याची शिडी मात्र केव्हाची साडूकडे पडून आहे, आणि ती परत मागायला जाताना हा म्हातारा बरोबर केक घेऊन जातो.

साडू हे नातंच मुळी पोटदुखीचं. भाऊ नशिबानं मिळतो, मित्र आपण निवडतो, साडू मात्र तिसऱ्याच कुणीतरी निवडलेला असतो आणि जन्मभर आपल्या शेजारी उभा करून मापला जातो. माझा साडू म्हणजे माझ्या बायकोच्या, मृणालच्या, धाकट्या बहिणीचा नवरा. त्या दोघी नागपूरच्या, हाही नागपूरचा, मी एकटा पुण्याचा. सासूबाई इकडे आल्या की मुक्काम आमच्या घरी असतो आणि मन चार गल्ल्या पलीकडे, त्याच्या घरी. तो "काहून आई, काय करून राहिल्या?" असं ओरडत दारातून शिरला की त्या हातातलं काम टाकून उठतात. मी 'आई, आपण चहा घेणार का?' असं विचारलं की त्या पदर सावरून ताठ बसतात, जणू कर्जाच्या अर्जाबद्दल बँकेचा मॅनेजरच काही विचारतो आहे.

हे सगळं मी सहन केलं असतं. पण त्यानं हात घातला तो वैद्यकात, आणि वैद्यक हा आमच्या घरात माझा प्रांत होता. मी पेसमेकर तपासणाऱ्या विभागात काम करतो. हृदयाचा ठोका चुकला तर यंत्रानं तो कसा ओळखावा, याच्यात माझं आयुष्य गेलं. साडू एका विमा कंपनीचा डेटाबेस सांभाळतो. क्रोसिन आणि कॅल्शियम यांच्यातला फरक त्याला गोळीच्या रंगावरून कळतो. तरीही आज आमच्या ओळखीतल्या कुणालाही 'वैद्यकीय क्षेत्रात मोठं काम करणारा तुमच्या घरातला माणूस' म्हटलं, की बोट त्याच्याकडे जातं.

झालं असं, की काही वर्षांपूर्वी त्याची आधीची नोकरी गेली. माझी गेली असती तर मी पडदे ओढून रेझ्युमे लिहीत बसलो असतो. हा नेपाळला ट्रेकला गेला. तिथे हिमालयाच्या पाठीमागच्या एका कोरड्या, उंच खोऱ्यात, जिथे रस्ता नाही आणि सरकारी आरोग्यकेंद्राला बहुतेक वेळ कुलूप असतं, तिथे तो तापानं आडवा झाला. पोटात कळा, अंगात हुडहुडी, आणि ढगांमुळे हेलिकॉप्टर येईना. गावकऱ्यांनी आमचीला बोलावलं. तिबेटी वैद्यकातल्या वैद्याला त्या भागात आमची म्हणतात. ही आमची साठी उलटलेली बाई होती. तिनं त्याच्या दोन्ही मनगटांवर तीन-तीन बोटं ठेवून डोळे मिटले, कसल्याशा कडू काळ्या गोळ्या गरम पाण्यात विरघळवून पाजल्या, पाणी उकळल्याशिवाय द्यायचं नाही म्हणून घरातल्यांना दम भरला, आणि मग उशाशी बसून राहिली. वर सांगितलं, की उद्या संध्याकाळपर्यंत उतार पडला नाही तर माझ्याच्यानं होणार नाही, चार माणसं तुला खाली हॉस्पिटलात उचलून नेतील. उतार पडला. साडू ती गोष्ट सांगताना बरं झाल्याचा भाग गुंडाळून टाकतो आणि या वाक्यापाशी थांबतो. "भाऊजी, ज्या डॉक्टरले आपली हद्द माहीत आहे ना, तो खरा डॉक्टर!" असं म्हणून माझ्या मांडीवर थाप मारतो. थाप नेहमी माझ्याच मांडीवर.

निघताना त्यानं तिला विचारलं, तुम्हाला काय लागतं? ती म्हणाली, पावसात औषधावर गळणार नाही असं छप्पर, आणि शिकून इथेच राहतील अशा दोन मुली. कारण खोऱ्यातली तरणी मुलं काठमांडूला जात होती आणि तिथून जगभर पांगत होती. औषधाची मुळं-पानं ती एकटी उंचावरच्या कुरणांत फिरून गोळा करायची, एकटी दगडावर कुटायची, आणि पलीकडच्या गावात कुणी अडलं तर घोड्यावर बसून एकटी जायची.

साडू परतला तो एका पुरचुंडीसकट. तीत तिनं दिलेलं एक वाळकं मूळ होतं. कस्टम्सच्या अधिकाऱ्यानं ते अर्थातच काढून घेतलं. पण त्याआधी साडूनं त्याला खोरं, ताप, आमची, गळकं छप्पर असं सगळं सांगितलं, आणि मूळ कचऱ्याच्या डब्यात टाकता टाकता त्या अधिकाऱ्यानं स्वतःच्या गुडघेदुखीची हकीकत सांगितली. शेवटी दोघांनी हात मिळवले म्हणे. माझा त्याच विमानतळावर गोडा मसाला पकडला गेला होता, तेव्हा मला बाकावर बसवून ठेवलं होतं.

त्यानंतर त्याच्या गॅरेजात गाडी कधी शिरली नाही. तिथे वनस्पती वाळवायचं यंत्र तयार होऊ लागलं. थंड गुणाच्या वनस्पती सावलीत वाळवायच्या आणि उष्ण गुणाच्या उन्हात, असं आमचीनं सांगितलेलं, म्हणून त्याच्या पेटीला दोन कप्पे होते, एक काचेचा आणि एक अंधारा. प्रयोगासाठी हिमालयातली वनस्पती मिळेना, म्हणून पुदिना, मेथी, आणि लॉनमध्ये उगवणारी पिवळी डँडेलियन वाळायला पडली. कुटून बघायला मिक्सर हवा होता, तो आमच्या घरातून गेला. 'ताई, दोन दिवसांसाठी' म्हणून नेलेला मिक्सर परत आला तो त्यात काहीही वाटलं तरी गवती चहासारखा वास येणारा होऊन. ड्राइव्हवेवर लाकडी पेट्या दिसतात म्हणून वसाहतीच्या असोसिएशननं तक्रार केली आणि त्यांची एक कडक बाई चौकशीला आली. (माझ्या तुळशीच्या कुंडीबद्दल याच बाईनं मला दोनदा नोटीस पाठवलेली.) साडूनं तिला पेटीत डोकं घालून वास घ्यायला लावला. पुढच्या शनिवारी ती आपल्या घरच्या काढून ठेवलेल्या जुन्या खिडक्या घेऊन आली, काचेला उपयोगी पडतील म्हणून. आणि संध्याकाळपर्यंत स्क्रू पिळत बसली.

एवढं सगळं करूनही इथल्या कुणाला त्यानं कधी एक चिमूट औषध दिलं नाही. कुणी महाराष्ट्र मंडळात गाठून म्हणालं, की अरे, माझ्या शुगरवर तुझ्या तिबेटी लोकांचं काही आहे का, तर तो हात जोडायचा. "तुमच्या घरापासून दहा मिनिटांवर तीन हॉस्पिटलं आहेत ना बाप्पा. तिकडे जा. तिची औषधं तिच्या गावच्या लोकांसाठी आहेत, ती वनस्पती तिथेच कमी पडून राहिली." स्वतः तो रक्तदाबाची साधी गोळी रोज घेतो आणि चुकली की बायकोच्या शिव्या खातो. मला खरं म्हणजे त्याच्यात एखादा भोंदूपणा सापडायला हवा होता. मी मनापासून शोधला. नाही सापडला.

आमची या शब्दानं घरात जो गोंधळ घातला तो वेगळाच. साडू जेवताना सहज बोलून जायचा, 'आमची फार थकली आहे हो', 'आमचीचा निरोप नाही आला', आणि सासूबाई पहिले काही दिवस धाकट्या लेकीकडे काळजीनं बघत राहिल्या. मग एकदा तो फोनवर कुणाला तरी म्हणाला, "आमची डिसेंबरात येऊन राहिली, दोन-तीन महिने राहील." सासूबाईंनी मला स्वयंपाकघरात ओढलं. इतक्या वर्षांत त्यांनी मला विश्वासात घेतल्याची ती पहिलीच वेळ. कुजबुजत म्हणाल्या, "जावईबापू, खरं सांगा. आमची म्हणून राहिला हा, ती त्याची कोण?" मला तो गैरसमज आणखी आठवडाभर टिकवायला आवडला असता, पण मृणाल मागे उभी होती.

मत्सराचा कळस झाला तो मंडळाच्या दिवाळीत. मी 'आपलं हृदय' या विषयावर बोललो, स्लाइड्स दाखवल्या. जेवणानंतरची वेळ असल्यामुळे सभागृहात निम्म्या लोकांची हृदयं झोपेतल्या संथ लयीत चालू होती, आणि माझी स्वतःची मुलगी ईशा मोबाइलवरून मान वर न करता 'यू वेअर गुड, बाबा' म्हणाली. माझ्यानंतर साडूला मोजकी दहा मिनिटं दिली होती. त्याच्याकडे एकच फोटो होता: दगडी दोन खोल्या, वर त्यानं इथे मागून जमवलेल्या पैशांतून चढलेलं नवं छप्पर, दारात आमची आणि तिच्या दोन शिष्या. तो तासभर बोलला. लोक रडले. ईशानं मोबाइल उलटा ठेवला होता. चहाच्या रांगेत एक काकू माझा हात धरून म्हणाल्या, "तुमच्या साडूंचं भाषण काय झालं हो!" आणि थोडं थांबून, "तुमचंही होतं ना काहीतरी?"

त्या डिसेंबरात आमची खरंच आली. तिची मुलगी डोल्मा मिनिआपोलिसमध्ये वृद्धाश्रमात नर्सिंगचं काम करते. इथे तिबेटी आणि हिमालयातल्या लोकांची मोठी वस्ती आहे. डोल्मानं आईला हिवाळ्यापुरतं बोलावून घेतलं होतं. सासूबाईही त्या वर्षी बर्फ बघायला म्हणून हिवाळाभर राहिलेल्या. दोघींची पहिल्या दिवशीच गट्टी जमली. एकीची हिंदी नागपूरची, दुसरीची नेपाळी वळणाची. एकमेकींना न कळणाऱ्या वाक्यांवर दोघी खूप हसायच्या. आमची बुटकी, गालांवर उन्हानं तांबूस पडलेली सालं, आणि चालताना उजवा गुडघा किंचित ओढणारी. दोघी खिडकीशी बसून सुपारी कातरावी तशा गुडघ्यांबद्दल बोलत राहायच्या. मला वाटलं होतं, ती आल्यावर माझ्याशी हृदयाबद्दल बोलेल. मी तयारीही केली होती. तिनं माझ्या कामाबद्दल ऐकून घेतलं, मान हलवली आणि साडू कुठे आहे ते विचारलं.

फेब्रुवारीतल्या एका रविवारी सगळे आमच्याकडे जेवायला होते. बाहेर सकाळपासून बर्फ पडत होता. जेवणं होत आली आणि डोल्मानं विषय काढला. आईनं आता परत जाऊ नये. गुडघा असा, वय असं, तिकडे रात्री-अपरात्री घोड्यावरून जाणं. एक दिवस तिथेच कुठेतरी पडेल आणि मला कळणारही नाही. बोलता बोलता तिला रडू आलं. आमची तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिली. मग साडूकडे वळून हिंदीत म्हणाली, "तुम बोलो. जाऊं या रहूं?"

सगळ्यांनी साडूकडे पाहिलं. दोन शिष्यांपैकी मोठी लग्न होऊन काठमांडूला गेली होती. उरलेली यांगचेन अर्धवट शिकलेली. आमची परत गेली नाही तर छप्पर, साडूनं इथून पोचवलेली शेगडी, वाळवणाच्या पेट्या, सगळं उभं राहून आत वैद्यच नाही, हे टेबलावरच्या प्रत्येकाला माहीत होतं. आणि जगातल्या कुणाकडेही काहीही मागू शकणारा माणूस समोर बसला होता. एक शब्द टाकला असता तर ती गेली असती. मृणालनं माझ्याकडे पाहिलं. आम्हा दोघांनाही वाटलं, आता मागणार.

त्यानं हातातलं संत्रं सोलून पूर्ण केलं. त्याच्या फोडी तिच्या ताटात ठेवल्या. "रुक जाइए," तो म्हणाला. "बेटी के पास रहिए. आपने बहुत किया." आणि खुर्ची मागे सारून बाहेर निघून गेला.

खिडकीतून पाहिलं तर तो जाकीट न घालता माझा ड्राइव्हवे साफ करत होता. एकच पट्टा पुन्हा पुन्हा. मृणाल म्हणाली, "जा ना, त्याला जाकीट तरी दे." मी गेलो. त्यानं ते घातलं, पण माझ्याकडे पाहिलं नाही.

"एकदा मागून बघायचं होतंस," मी म्हटलं.

"मागितलं असतं तर ती गेली असती, भाऊजी." त्यानं फावडं बर्फात रोवलं. "म्हणून तर नाही मागितलं."

मी दुसरं फावडं आणलं. आम्ही दोघांनी तो ड्राइव्हवे स्वच्छ केला आणि आत येईपर्यंत तो पुन्हा पांढरा झाला.

आमची राहिली. तिकडून येणाऱ्या बातम्या काही चांगल्या नव्हत्या. यांगचेन घाबरून जवळजवळ प्रत्येकाला खाली हॉस्पिटलात पाठवू लागली होती, आणि ज्यांच्याकडे घोडा नाही ते जातच नव्हते. एक म्हातारी दवाखान्याच्या दारात दिवसभर बसून राहिली. मोठ्या आमचीशिवाय कुणाला हात देणार नाही म्हणाली आणि तशीच परत गेली. हे ऐकलं त्या दिवशी आमची जेवली नाही, असं डोल्मानं सांगितलं. साडू तर त्या महिन्यात कुणाकडे काही मागेनासाच झाला. शेजारचा म्हातारा मला येऊन विचारून गेला, की तो बरा आहे ना.

वाट काढली ती सासूबाईंनी. नागपूरला परत जाण्याआधी त्या आमचीला भेटायला गेल्या आणि तिथे बसल्या बसल्या म्हणाल्या, "मैंने केतकी को फोन पे पुरणपोळी सिखाई. पहले साल फटती थी, अब मेरे से अच्छी बनाती है. तुम नाडी सिखाओ ना." केतकी म्हणजे साडूची बायको. आमचीला पुरणपोळी कळली नाही, बाकीचं सगळं कळलं.

मग साडू पुन्हा पहिल्यासारखा झाला. कुणाकडून तरी जुना मोठा मॉनिटर आला, कुणी कॅमेरा दिला, खोऱ्यातल्या छपरावर सोलर पॅनेल आधीच होतं, तिथे सिग्नल धरणारी एक तबकडीही गेली. दर रविवारी सकाळी, म्हणजे तिकडच्या संध्याकाळी, डोल्माच्या घरी आमचीचा वर्ग भरू लागला. बोटांचा स्पर्श काही पडद्यातून जात नाही. पण रोग्याची जीभ दिसते, चेहऱ्याचा रंग दिसतो, आणि मुख्य म्हणजे यांगचेनला धीर येतो. ती आता कमी लोकांना खाली पाठवते. ती दारातून परत गेलेली म्हातारी एकदा पडद्यावर दिसली. मोठ्या आमचीला आधी भरपूर बोलून घेतलं आणि मग हात यांगचेनकडे केला.

या वर्षी ऑक्टोबरात साडू शेगडीचं धुराडं बसवायला खोऱ्यात गेला. जाण्याआधी आमच्याकडे आला, उभ्या उभ्याच म्हणाला, "भाऊजी, रविवारी डोल्माची ड्यूटी असते. तुम्ही जाल का? कॉल लावून द्यायचा आणि बसायचं, बाकी काही नाही." इतक्या वर्षांत त्यानं आमच्या घरातून मिक्सर नेला, फावडी नेली, मृणालच्या शाली नेल्या, पण खुद्द माझ्याकडे काही मागितलं ते तेव्हा पहिल्यांदा. मी कॅलेंडर बघून सांगतो म्हटलं. कॅलेंडर रिकामं आहे हे त्यालाही माहीत होतं.

पहिल्याच रविवारी आमचीनं मला शेजारी बसवलं आणि काही न विचारता माझं मनगट पुढ्यात ओढलं. यांगचेनसमोर एक म्हातारा बसलेला. त्याची नाडी कशी लागते ते ती शब्दांत सांगू बघत होती आणि शब्द पुरत नव्हते. तेव्हा आमचीनं माझ्या हातावर बोटांनी ठेका धरला: असं आहे, की असं? यांगचेन पडद्यात डोळे बारीक करून बघायची आणि मान हलवायची. पुन्हा ठेका, जरा वेगळा. माझ्या हातावर तिकडच्या कुणा म्हाताऱ्याचं हृदय चाललं होतं. जन्मभर मी हे ठोके आलेखावर पाहिले होते. कुणी ते माझ्या अंगावर वाजवून दाखवले नव्हते.

तेवढ्यात तिकडे दार उघडलं आणि साडू आत आला. तोंडभर काजळी, नाकावर एक पट्टा, हातात पत्र्याच्या नळीचा तुकडा. खोलीतले सगळे एकदम हसायला लागले, तपासायला आलेला म्हातारासुद्धा. साडू कुणाकडे तरी काहीतरी मागत होता, बहुधा पक्कड. लगेच यांगचेन उठली, म्हातारा उठला, मागच्या बाया उठल्या, सगळी खोली पक्कड शोधू लागली. आमचीचा चेहरा पडद्याकडे वळला आणि असा उजळला, की मी इतका वेळ तिच्या शेजारी बसलो आहे हे ती विसरलीच असावी. मीही अर्धवट उठून टेबलाखाली बघितलं.

तिची बोटं माझ्या मनगटावर तशीच होती. तिनं ती जरा दाबून पाहिली आणि मान वळवून माझ्याकडे बघितलं.

"तेज है," ती म्हणाली.

"चाय," मी म्हटलं. "ज्यादा हो गई."

ती हसली. पडद्यावर पक्कड सापडल्याचा गलका झाला, तिकडे तिनं बघितलं नाही. माझा हात मात्र सोडला नाही, आणि मीही तो काढून घेतला नाही.